स्टोकसे : लोकरीच्या पैशातून उभी राहिलेली गढी. प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

14 जानेवारी 2024

गॅरेजमधलं टेबल आज रिकामं केलं. सायकली, रंगाचे डबे, जुना हीटर, सगळं एका भिंतीला सरकवलं. चार फूट बाय अडीच फुटांची जागा मिळाली. स्टोकसे कॅसलची प्रतिकृती इथेच होणार.

इंग्लंडात येऊन अकरा वर्षं झाली. किल्ले बरेच पाहिले, पण गेल्या ऑक्टोबरमध्ये स्टोकसेच्या दिवाणखान्यात शिरलो आणि मान वर करून उभाच राहिलो. मी वाईच्या सुताराचा मुलगा. छपराखाली गेलं की आधी आढं शोधायचं, मग तुळई, मग खांब, ही लहानपणापासूनची सवय. इथे आढं होतं, वासे होते, खांब मात्र एकही नव्हता. एकतीस फुटांचा गाळा, जवळजवळ साडेसातशे वर्षं जुन्या घरातला, आणि मधे काही नाही. तेव्हापासून ते छप्पर डोक्यात आहे. हाताने केल्याशिवाय ते सुटणार नाही.

प्रमाण 1:50 धरलं आहे. दिवाणखान्याची 31 फूट रुंदी टेबलावर 19 सेंटिमीटर होते. लांबी प्रत्यक्षात पन्नास फुटांच्या वर आहे.

पुढे कुणी वाचलं तर कळावं म्हणून जागेबद्दल थोडं. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सरहद्दीला लागून श्रॉपशर परगणा आहे. तिथे ऑनी नदीच्या खोऱ्यात, क्रेव्हन आर्म्स गावाच्या जरा दक्षिणेला स्टोकसे. नावात कॅसल असलं तरी हा राजाचा किंवा सैन्याचा किल्ला नव्हता. तटबंदी, खंदक आणि बुरूज असलेलं हे राहतं घर. आपल्याकडे देशमुखांची, पाटलांची असते ती गढी. शब्द आपल्याकडे तयार आहे, तोच वापरणार.

27 जानेवारी

पायाची आखणी झाली. पश्चिमेला एका रांगेत चार इमारती: उत्तर बुरूज, दिवाणखाना, त्याला लागून मालकाच्या खासगी खोलीची इमारत, शेवटी दक्षिण बुरूज. समोर पूर्वेला अंगण आणि अंगणापलीकडे दरवाजाची देवडी. सगळ्याभोवती खंदक, आता कोरडा.

आखताना एक गोष्ट लक्षात आली, ती जागेवर फिरताना आली नव्हती. अंगणाला तीन बाजूंनी तट होता. चौथ्या, पश्चिमेच्या बाजूला वेगळा तटच नाही. घराची मागची भिंत हाच तट, आणि त्याच भिंतीत दिवाणखान्याच्या भल्या मोठ्या खिडक्या थेट खंदकावर उघडतात. चोराला यापेक्षा सोयीची वाट कुठली? ज्याला वेढ्याची खरी भीती आहे तो असं घर बांधत नाही.

4 फेब्रुवारी

हे घर कुणी बांधलं ते आज सविस्तर लिहून ठेवतो, कारण प्रतिकृतीतला जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या माणसापाशी जाऊन थांबतो.

लॉरेन्स ऑफ लडलो. ना सरदार, ना जहागीरदार. लोकरीचा व्यापारी. बाप निकोलस, तोही लोकरीच्याच धंद्यात. तेराव्या शतकात इंग्लंडची लोकर समुद्रापलीकडे फ्लँडर्सच्या मागांवर जायची आणि वेल्सच्या सरहद्दीवरची लोकर उत्तम समजली जायची. त्या पैशावर लॉरेन्स देशातल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक झाला. राजा पहिला एडवर्ड त्याच्याकडून कर्ज घ्यायचा.

स्टोकसेची जमीन त्याने जॉन द व्हर्डनकडून 1281 च्या सुमाराला घेतली आणि लगेच बांधकाम काढलं. तारखांकडे जरा नीट पाहा. वेल्सचा राजपुत्र ल्युएलिन अप ग्रिफिथ डिसेंबर 1282 मध्ये मारला गेला आणि पुढच्या वर्षी एडवर्डने वेल्स ताब्यात घेतलं. शतकानुशतकं धगधगणारी सरहद्द पहिल्यांदा शांत झाली. लुटालुटीच्या काळात त्या खोऱ्यात एवढ्या खिडक्यांचं घर बांधायला कुणी धजलं नसतं. लॉरेन्सने भाव ओळखला तसा काळही ओळखला.

1291 मध्ये राजाने त्याला घराला चुना-दगडाची भिंत घालून वर चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे कंगोरे, बांधण्याचा परवाना दिला. तेव्हा चर्या बांधायला परवाना लागायचा आणि तो मिळणं हा मान होता. आपल्याकडे पालखीचा किंवा अबदागिरीचा मान असायचा, तसाच. व्यापाऱ्याच्या घरावर चर्या चढल्या म्हणजे तो सरदारांच्या पंगतीला बसला. माझ्या मते स्टोकसेचा तट याच अर्थाने वाचायला हवा.

11 फेब्रुवारी

छपराची पहिली कैची केली. बाल्साच्या हलक्या लाकडाची पट्टी, खाली आडवी तुळई, मधे उभा खांबट, दोन्ही बाजूंना तिरपे वासे. आपल्याकडच्या शाळेच्या छपराला असते तशी. दिसायला छान झाली.

रात्री वडिलांना, अण्णांना, व्हिडिओ कॉलवर दाखवली. ते चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले.

"तू म्हणालास ना, मधे काही नाही? मग ही तुळई कुठून आणलीस?"

मी म्हटलं, "अण्णा, तुळई नसली तर भिंती बाहेर ढकलल्या जातील. असेलच, मला आठवत नसेल."

"आठवत नसेल तर जाऊन बघ. डोक्यातून सुतारकाम करू नये."

17 फेब्रुवारी

गेलो. वॉल्व्हरहॅम्प्टनहून श्रूजबरी, तिथे गाडी बदलून क्रेव्हन आर्म्स, पुढे पायी. पाऊस भुरभुरत होता. दिवाणखान्यात आम्ही तीनच माणसं.

अण्णा बरोबर होते. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाणारी तुळई नाही. तीन मोठ्या लाकडी कमानी आहेत. प्रत्येक कमान दोन जाड, वाकड्या ओंडक्यांची. दोन्ही भिंतींतून ते निघतात, आत झुकत वर जातात आणि माथ्याकडे आडव्या बांधाने एकमेकांना धरतात. आडवे बांध दोन आहेत, एकावर एक, पण दोन्ही उंचावर. मधे उभा खांबट नाही. त्यामुळे खाली उभं राहिलं की छप्पर नुसतं वर जात राहतं.

ओंडक्यांचे पाय आता 19व्या शतकात बसवलेल्या दगडी आधारांवर टेकले आहेत. मुळात ते भिंतीलगत जमिनीपर्यंत उतरत होते. भार कुठे उतरतो या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. भिंतीच्या माथ्यावर सगळं वजन टाकून तिला बाहेर रेटण्याऐवजी लाकूड स्वतःच ते वजन जमिनीपर्यंत घेऊन येतं.

उत्तरेच्या टोकाला लाकडी जिना आहे, उत्तर बुरुजाच्या वरच्या खोल्यांकडे जाणारा. हा तेराव्या शतकातला, मूळचा. पायऱ्या फळ्यांच्या नाहीत, अख्ख्या ओंडक्यातून कापलेल्या आहेत. पायरीवर हात ठेवून उभा राहिलो. सातशे वर्षं पावलं पडली तरी कडा अजून कळते. अण्णांच्या हाताखाली मी पहिली पायरी तासली तेव्हा बारा वर्षांचा होतो. ती पायरी अजून आमच्या माळ्याच्या जिन्यात आहे. या जिन्यापाशी तिची फार आठवण आली.

18 फेब्रुवारी

फोटो पाठवले. अण्णांचा फोन सकाळीच.

"हे वाकवलेलं नाही. झाडच वाकडं होतं."

मी विचारलं, कशावरून. म्हणाले, लाकडाच्या रेषा बघ, वळणाबरोबर वळल्यात. सरळ लाकडातून कापलं असतं तर रेषा वळणावर तुटल्या असत्या आणि लाकूड तिथेच चिरलं असतं.

मध्ययुगीन इंग्लंडातले सुतार रानात फिरून असेच ओक निवडायचे, उतारावर किंवा दाटीत वाढताना वाकलेले. अशा कमानींच्या जोड्या पुष्कळदा एकच खोड उभं चिरून केलेल्या असतात, म्हणजे दोन्ही बाजूंचं वळण आरशातल्यासारखं जुळतं. शिवाय ते ओक ओलंच वापरायचे. अण्णांना हे अजिबात पटलं नाही. सागवान वर्षानुवर्षं सुकवून मगच हात लावणारे ते. पण ओक सुकला की दगडासारखा होतो, पटाशी फिरत नाही. ओला असताना खाच पाडायची, त्यात दुसऱ्या लाकडाचं टोक बसवायचं, वरून लाकडी खुंटी ठोकायची. लाकूड जागेवर सुकतं आणि आकसताना सांधा आणखी घट्ट धरतो. यावर अण्णा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हुशार होते की."

बाल्साची कैची मोडून टाकली.

3 मार्च

आठवडाभर मागच्या बागेत, कालव्याच्या काठाने वाकड्या फांद्या शोधत हिंडतो आहे. शेजाऱ्यांनी सफरचंदाचं झाड छाटलं होतं, त्यांना विचारून एक गठ्ठा आणला. बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या उभ्या चिरायच्या, दोन्ही अर्धे समोरासमोर ठेवायचे. चौदा फांद्या चिरल्या, तीन जोड्या मनासारख्या मिळाल्या. मला तीनच हव्या होत्या.

24 मार्च

तिन्ही कमानी उभ्या. आडवे बांध बसवले. खुंट्यांसाठी दात कोरायच्या काड्या तासून घेतल्या. भिंती अजून पुठ्ठ्याच्याच आहेत, तरी छप्पर स्वतःच्या पायावर उभं आहे. वर बोटाने दाबून पाहिलं, भिंती हलल्या नाहीत. चहा गार होईपर्यंत बघत बसलो.

पूर्वेचं पाखं उघडंच ठेवणार आहे. हे लाकूड झाकायचं मन होत नाही.

14 एप्रिल

खिडक्या. टोकदार कमान, आत दोन उभे भाग, माथ्यावर एक वर्तुळ. आठ वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, काच लावायची का?" चांगला प्रश्न विचारला. तेव्हा काच महाग. इथे फक्त वरच्या भागाला काच होती. खालच्या भागाला लाकडी झडपा. उजेड वरून, वारा हवा तेव्हा खालून. तिने वरच्या भागांना पारदर्शक कागद चिकटवला आणि झडपा माझ्याकडे सोपवल्या.

दिवाणखान्याच्या जमिनीत उघड्या आगटीची अष्टकोनी जागा आहे. धुराडं नाही, धूर छपरातून जायचा. म्हणजे हिवाळ्यात एवढं सुंदर छप्पर धुराआड जात असणार. तिथेच सगळे जेवायचे, नोकरचाकर तिथेच झोपायचे. मालकाला मात्र वेगळी खोली होती, दक्षिणेला वरच्या मजल्यावर, बाहेरच्या जिन्याने चढून जायची. त्या खोलीत शेकोटीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत लहान झरोके आहेत. त्यातून दिवाणखान्यात खाली काय चाललंय ते दिसतं. वाड्याच्या माडीवरून चौकात नजर ठेवणाऱ्या आजीची जागा ती हीच.

प्रतिकृतीत दोन्ही झरोके पाडले. सुई तापवून.

12 मे

महिनाभर दक्षिण बुरूज. सगळ्यात अवघड काम हेच निघालं.

तीन मजली, जाड भिंतींचा, आकाराने वेडावाकडा पंचकोन. एकही बाजू दुसरीएवढी नाही. गोल किंवा चौकोनी करता आला असता, पण 1283 मध्ये एडवर्डने उत्तर वेल्समध्ये कार्नार्व्हनचा किल्ला काढला होता आणि बहुकोनी बुरूज ही तेव्हाची राजाची पद्धत होती. लॉरेन्सने तीच उचलली. जिने आणि संडास त्याने भिंतींच्या पोटातच ठेवले.

प्लास्टरच्या भिंतीत मीही ती पोकळी ठेवली आणि भिंत दोनदा तडकली, दोन्ही वेळा जिन्याच्या वळणाशी. वैतागून नकाशा पुन्हा काढला आणि मग बुरुजाला बाहेरून टेकवलेल्या दोन भक्कम दगडी धिऱ्यांकडे लक्ष गेलं. ते शोभेचे नाहीत. पोकळ्या जागोजाग विषम पडल्यामुळे भिंत कमजोर झाली आणि बांधकाम चालू असतानाच हे धिरे द्यावे लागले. गवंड्यांच्याही लक्षात आलं होतं तर. मी दोन धिरे ओतले. भिंत राहिली.

2 जून

आज हात लावला नाही. लॉरेन्सच्या शेवटाबद्दल लिहितो.

1294. फ्रान्सच्या राजाशी गॅस्कनी या नैर्ऋत्य फ्रान्समधल्या प्रांतावरून युद्ध पेटलं, एडवर्डला पैसा हवा. लोकरीवरची जकात होती पोत्यामागे 6 शिलिंग 8 पेन्स. ती चढून 40 शिलिंग झाली. व्यापाऱ्यांच्या बाजूने राजाशी बोलणी करणाऱ्यांत लॉरेन्स पुढे होता. व्यापाऱ्यांनी जकात खिशातून भरली नाही, मेंढपाळांना आणि मठांना भाव कमी दिला. शेतमालाच्या भावाचं हे गणित आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

त्याच नोव्हेंबरात लोकरीची गलबतं घेऊन तो समुद्रापलीकडे निघाला. सफोकच्या किनाऱ्याजवळ, ऑल्डबरापाशी त्याचं जहाज बुडालं आणि लॉरेन्स बुडून मेला. डन्स्टेबलच्या मठातल्या बखरकाराने लिहिलं की लोकर विकणाऱ्यांशी तो पापाने वागला म्हणून लोकरीने भरलेल्या जहाजातच बुडाला. मठही लोकर विकायचे. त्यांचा राग त्या ओळीत उतरला आहे. आणि त्याच शरद ऋतूत वेल्समध्ये पुन्हा बंड उठलं होतं. परवान्याला तीन वर्षं झाली होती. स्वतःच्या चर्यांखाली तो किती रात्री झोपला असेल?

घर मात्र त्याच्या वंशजांकडे दोनशे वर्षांहून जास्त राहिलं.

23 जून

तटाचा प्रश्न. मूळ तट खंदकाच्या तळापासून 34 फूट उंच होता. पन्नासाव्या भागात ते वीस सेंटिमीटरहून जास्त होतात. पुठ्ठ्याचा तट कापून लावला आणि माझी सहा महिन्यांची मेहनत त्याच्याआड गेली. पूर्वेकडून नुसती भिंत आणि बुरुजाचं टोक. पश्चिमेकडून पाहिलं तर खिडक्याच खिडक्या. रस्त्याने येणाऱ्याला गढी दिसावी आणि आत राहणाऱ्याला उजेड मिळावा. जानेवारीत आखताना जे जाणवलं ते आता टेबलावर उभं होतं.

तो तट आज नाही. 1645 मध्ये यादवी युद्धात पार्लमेंटची फौज आली तेव्हा राजाच्या बाजूच्या शिबंदीने वेढा लढवला नाही, गढी हवाली केली. 1647 मध्ये पार्लमेंटने ती निकामी करण्याचा हुकूम काढला. अशा हुकमाने इंग्लंडातले किती किल्ले सुरुंगाने उडाले! इथे तट उतरवला गेला आणि घर वाचलं.

तट सुटा करायचं ठरवलं. हवा तेव्हा लावायचा, काढायचा.

14 जुलै

दरवाजाची देवडी. ही 1640-41 ची, क्रेव्हन घराण्याच्या काळातली. त्यांनी स्टोकसे 1620 मध्ये घेतलं होतं. दगडाचा अंशही वर नाही: काळसर ओकचा सांगाडा, मधल्या चौकटींत पिवळट गिलावा, वरचा मजला पुढे आलेला. कोपऱ्यांवर देवदूत, आदम, हव्वा, सर्प असं कोरीवकाम. युद्ध दाराशी आलेलं असताना लाकडाचा दरवाजा! त्याच सुमाराला मालकाच्या खोलीत शेकोटीवर मोठं कोरीव लाकूडकाम बसवलं गेलं. त्यावर सोनेरी, लाल, हिरव्या रंगाचे अंश अजून सापडतात.

गिलाव्याच्या रंगासाठी हळद वापरून पाहिली. पहिल्या दिवशी अगदी तंतोतंत, आठवड्यात फिकी पडली. शेवटी गेरूत पिवळा पोस्टर कलर मिसळला.

4 ऑगस्ट

19व्या शतकाचं काय दाखवायचं यावर दोन दिवस गेले. तेव्हा हे घर शेतकऱ्यांच्या ताब्यात होतं, धान्याची साठवण आणि पिंप बनवणाऱ्यांची कामं इथे चालत. दक्षिण बुरुजात 1830 मध्ये आग लागून आतले मजले जळाले. फ्रान्सेस स्टॅकहाउस ॲक्टन या तिथल्या बाईंनी घर वाचवण्यासाठी क्रेव्हन घराण्याच्या मागे तगादा लावला आणि 1850 च्या दशकात पहिली डागडुजी झाली. मग 1869 मध्ये जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट याने मालमत्ता विकत घेतली. तो हातमोज्यांचा कारखानदार. त्याच्याकडे पैसा उदंड होता. तो इथे राहायला आला असता तर नवे मजले, नवी धुराडी, मनोरे चढवून टाकले असते. त्या काळचे श्रीमंत हेच करत. त्याने फक्त पडणारं सावरलं आणि स्वतःसाठी शेजारी वेगळं घर बांधलं. त्याच्या या संयमाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. त्याच घराण्याकडून पुढे 1992 मध्ये गढी इंग्लिश हेरिटेजकडे, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे, आली.

प्रतिकृतीत याचं एकच चिन्ह ठेवलं: कमानींच्या पायाखालचे दगडी आधार. मी ते आधी लावणार नव्हतो, मूळ रूप दाखवायचं म्हणून. पण ते आधार नसते तर सडलेल्या पायांवर कमानी किती टिकल्या असत्या? सहाही कोरून बसवले.

25 ऑगस्ट

अण्णांना पूर्ण प्रतिकृती दाखवली. फोन हातात धरून आधी देवडीतून आत, मग अंगण, मग लाकडी जिना. दिवाणखान्यात फोन शिरत नाही, म्हणून उघड्या पाख्यावरून दाखवलं.

"खालून दाखव."

टेबलाला बाजूला एक फट आहे, तिथून कॅमेरा आत घातला. ते कमानी मोजत होते, ओठ हलताना दिसत होते.

"मधली जोडी जरा उजवीकडे झुकलीय."

पट्टी लावून मोजलं. दोन मिलिमीटर. उद्या खुंटी काढून पुन्हा बसवतो.